सल्ला देण्याची उमेदवारी

सुताराच्या पोराने रंधा धरायला शिकायचे ते बापाच्या नाहीतर मामाच्या हाताखाली. शिंप्याकडे पोर राहते, ते आधी काजे करते, गुंड्या लावते आणि वर्ष-दोन वर्षांनी त्याच्या हाती कात्री येते. नव्याने सनद घेतलेला वकील ज्येष्ठ वकिलाची पुस्तके उचलून कोर्टाच्या पायऱ्या चढतो. तेव्हा उमेदवारी हा शब्द आपल्याला नवा नाही. पण ज्या धंद्यात विकायचा माल म्हणजे निव्वळ सल्ला, त्या धंद्यातली उमेदवारी कशी असेल? मोठमोठ्या कारखान्यांना, बँकांना, दुकानांच्या साखळ्यांना, आणि अलीकडे सरकारांनाही, कारभार कसा करावा हे सांगणाऱ्या पेढ्या जगात आहेत. त्या यासाठी भरभक्कम पैसे घेतात. आपल्याकडच्या व्यवस्थापनशास्त्राच्या संस्थांतून दरवर्षी काही मुले-मुली अशा पेढ्यांत उन्हाळ्याचे दोन महिने उमेदवारी करतात, आणि त्यांतली थोडीफार परदेशी जातात. त्याविषयी आज तुमच्याशी बोलायचे आहे.

आता तुम्ही म्हणाल, आमच्या बांधावर कृषी सहायक येतो, त्याने निदान शेत तरी पाहिलेले असते, तरीही आम्ही त्याचे निम्मेच ऐकतो; मग तेवीस वर्षांच्या पोराचे विलायतेतला कारखानदार काय म्हणून ऐकेल? प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचे पुरते उत्तर मी देऊ शकेन असे नाही. पण हा धंदा आला कुठून हे आधी पाहू, म्हणजे त्यातले खरे किती आणि पोकळ किती याचा अंदाज येईल.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया नावाचे राज्य आहे. तिथल्या बेथलेहेम गावी पोलादाचा प्रचंड कारखाना होता. १८९८ साली तिथे फ्रेडरिक टेलर नावाचा एक इंजिनियर सल्लागार म्हणून आला. कारखान्याच्या आवारात शेकडो मजूर फावड्याने माल उचलीत. कधी लोखंडाची खनिज माती, कधी कोळशाची चुरी. ज्याने त्याने आपले फावडे घरून आणायचे आणि त्यानेच सगळे काम करायचे, अशी तिथली रीत. तेच फावडे खनिज मातीत घातले तर अडतीस पौंड वजन उचलले जाई, आणि कोळशाच्या बारीक चुरीत घातले तर साडेतीन पौंड! टेलरने घड्याळ लावून, वजने करून पाहिले आणि ठरवले की एका खेपेला सुमारे २१ पौंड, म्हणजे साडेनऊ किलो, इतके ओझे असले तर मजूर दिवसभर न थकता जास्तीत जास्त माल हलवतो. मग जड मालाला लहान फावडे आणि हलक्या मालाला मोठे फावडे, अशी वेगवेगळी फावडी कारखान्यानेच पुरवायची. ज्याने उन्हाळ्यात विहिरीचा गाळ काढला आहे, त्याला यात नवल वाटणार नाही. गाळाला एक घमेले आणि भुशाला दुसरे, हे आपल्या आयाबायांनाही ठाऊक असते. टेलरने केले ते एवढेच, की ते मोजले, लिहून काढले आणि त्याचे पैसे घेतले.

पण गोष्ट इथे संपत नाही. १९११ साली छापलेल्या पुस्तकात टेलर स्वतःच सांगतो की मजुराची रोजची मजुरी १ डॉलर १५ सेंटवरून १ डॉलर ८८ सेंटवर गेली. आणि पूर्वी चारशे ते सहाशे माणसे लागत, तिथे एकशेचाळीसांत काम भागू लागले. मजुरी वाढली हे वाक्य सगळे वाचतात. उरलेली माणसे कुठे गेली, हे वाक्य शोधावे लागते. त्याच्या काही आकड्यांवर पुढे इतिहासकारांनी शंका घेतली आहे, तो भाग निराळा. त्याच १९११ सालात वॉटरटाउनच्या सरकारी शस्त्रांच्या कारखान्यात कामगारांनी त्या घड्याळाविरुद्ध संप केला आणि प्रकरण अमेरिकेच्या लोकसभेपर्यंत गेले.

पुढे १९२६ साली शिकागो विद्यापीठातला हिशेबशास्त्राचा एक प्राध्यापक, जेम्स मॅकिन्झी, याने स्वतःची सल्लागार पेढी काढली. आज त्या पेढीचे नाव जगभर आहे. १९६३ साली बॉस्टन कन्सल्टिंग ग्रुप निघाला, १९७३ साली बेन अँड कंपनी. या तिन्ही पेढ्यांच्या कचेऱ्या आज मुंबईतही आहेत. दुसरीकडे व्यवस्थापन शिकवणाऱ्या शाळा निघत होत्या. हार्वर्डची १९०८ सालची. आपल्याकडे अहमदाबाद आणि कलकत्ता येथील संस्था १९६१ साली सुरू झाल्या. शाळांनी मुले तयार करायची आणि पेढ्यांनी ती उचलायची, असे नाते जमून गेले, ते आजतागायत आहे.

अभ्यासक्रम दोन वर्षांचा. पहिले वर्ष मार्चच्या सुमारास आटोपते, आणि दुसरे सुरू होण्यापूर्वी साधारण आठ आठवडे मुलांनी कुठेतरी प्रत्यक्ष काम करायचे असते. यालाच ते समर इंटर्नशिप म्हणतात. आपण उन्हाळी उमेदवारी म्हणू. तिची निवड मात्र फार आधी, मुले संस्थेत येऊन चार-पाच महिने होतात न होतात तोच, दिवाळीच्या आगेमागे होऊन जाते. बहुतेकांच्या वाट्याला मुंबई, गुरुग्राम, बंगळूर येते. लंडन, दुबई, सिंगापूर अशा जागा थोड्या.

या निवडीत जे प्रश्न विचारतात, ते शिक्षक बंधुभगिनींनी मुद्दाम ऐकावेत. पाठांतराला तिथे काडीची किंमत नाही. समजा विचारले की, तुमच्या तालुक्यात जून महिन्यात शाळेचे किती गणवेश विकले जात असतील? याचे उत्तर कुठल्याही पुस्तकात नाही. उमेदवाराने मोठ्याने विचार करून दाखवायचा. तालुक्याची वस्ती दोन लाख धरू. त्यात शाळेच्या वयाचे अंदाजे पाचातले एक, म्हणजे चाळीस हजार. सरकारी शाळांतून पहिली ते आठवीच्या मुलांना गणवेश मिळतो, तेव्हा निम्मी मुले वजा करू. राहिली वीस हजार. यांतला एखादा दोन जोड घेईल, दुसरा गेल्या वर्षीच्यावरच भागवील, कुणाला थोरल्या भावाचा येईल. सरासरी एक धरू. उत्तर आले वीस हजार. ते पाच हजारांनी चुकले तरी कुणी रागावत नाही. पण कोणती पायरी डळमळीत आहे आणि ती पक्की करायला कुणाला विचारावे लागेल, हे सांगता आले पाहिजे. माझ्या मते ही कसरत आठवीच्या वर्गात करायला काहीच हरकत नाही. गावात रोज किती दूध निघते, बाजारच्या दिवशी एसटीतून किती माणसे उतरतात, असे प्रश्न घालावेत. आणि मग मुलांना प्रत्यक्ष मोजायला पाठवावे, म्हणजे अंदाज आणि मोजणी यांतले अंतर त्यांना आपोआप दिसेल.

माझ्या कॉलेजातून बी. कॉम. होऊन गेलेली एक मुलगी अशा एका संस्थेत पोचली, आणि तिची उन्हाळी उमेदवारी लंडनला ठरली. तिचे नाव सांगत नाही, पेढीचेही सांगत नाही. तिने कामाच्या कागदावर सही करताना गुप्ततेचे वचन दिले आहे, त्यामुळे ज्या कारखान्यात ती गेली त्याचे नाव मलाच काय, तिच्या जन्मदात्यालाही ठाऊक नाही. वडील दूधवाले. चार म्हशी, दोन एकर बागायत, आणि गावच्या दूध संकलन केंद्रावर सकाळ-संध्याकाळ कॅन मोजण्याचे काम. मुलीच्या दोन वर्षांच्या शिक्षणाचा खर्च वीस-पंचवीस लाखांच्या घरात. तो ऐकून घरात दोन दिवस कुणी धड जेवले नाही. इथे एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण कित्येक पालक तिच्याअभावी पाऊल मागे घेतात. अशा निवडक संस्थांत प्रवेश मिळाला, तर बँका पुष्कळदा जमीन तारण न मागता कर्ज देतात. तिचेही शेत गहाण पडले नाही. कर्ज मात्र पडलेच, आणि या कथेत ते शेवटपर्यंत आहे.

नाव उन्हाळी उमेदवारी खरे. पण एप्रिलातले लंडन म्हणजे आपल्या पौषातली पहाट. व्हिसा, विमानाचे भाडे, राहण्याची जागा हे सारे पेढीने पाहिले. आठ आठवड्यांचे विद्यावेतन घरच्या दुधाच्या वर्षभराच्या पगाराहून जास्त भरले. हे ऐकून वडील खूश होण्याऐवजी जरा गप्प झाले, असे तिने मला सांगितले. मी त्यावर काही बोललो नाही.

कामाची रीत अशी. चार-पाच जणांची एक तुकडी करतात. वर पेढीचा भागीदार, तो आठवड्यातून एखाद-दोनदा तोंड दाखवणार. त्याच्या खाली तुकडीची प्रमुख, तिशीची एक बाई. मग दोन सल्लागार, आणि शेवटी ही उमेदवार. सोमवारी पहाटेची आगगाडी धरून गिऱ्हाईक कंपनीच्या गावी जायचे, गुरुवारपर्यंत तिथेच हॉटेलात राहायचे आणि शुक्रवारी लंडनच्या कचेरीत. कामाची वेळ सकाळी नऊपासून. सुटण्याची वेळ कुणी सांगत नाही. रात्रीचे अकरा-बारा नेहमीचेच. थोडक्यात, ऊसतोडीच्या हंगामाइतके नसेल, पण परीक्षेच्या आदल्या आठवड्यासारखे आठ आठवडे. तक्त्यांत आकडे भरायचे, माणसांना प्रश्न विचारायचे, आणि जे सापडेल ते पडद्यावर दाखवायच्या पानांत मांडायचे. हल्ली पाने सजवण्याचे पुष्कळसे काम संगणकातली कृत्रिम बुद्धिमत्ता करू लागली आहे. पण पानावर काय असावे, हे तिला अजून माणसानेच सांगावे लागते.

या पानांची एक शिस्त आहे. बार्बरा मिंटो नावाची बाई १९६३ साली मॅकिन्झीच्या पेढीत लागली आणि तिथल्या लोकांना लिहायला शिकवता शिकवता तिने ती शिस्त घालून दिली. तिचे सार इतकेच, की उत्तर आधी सांगा, मग त्याची कारणे, मग कारणांचे पुरावे. वर एक, खाली तीन, त्याखाली नऊ, असा शंकूसारखा उतार. आपली निबंधाची पद्धत नेमकी उलट. प्रस्तावना, पूर्वपीठिका, दोन्ही बाजू, आणि वाचणारा पेंगू लागला की शेवटच्या चार ओळींत मत. माझ्या विद्यार्थिनीची पहिली तीन पाने प्रमुखबाईंनी परत पाठवली. वर लिहिले होते, ‘तुझे म्हणणे काय?’ आम्ही कॉलेजात तिला पाच वर्षे लांबलचक उत्तरांना गुण दिले होते. त्यांची ती पावती म्हणायची! दुसरी शिस्त प्रश्न फोडण्याची. मोठा प्रश्न असा फोडायचा, की तुकडे एकमेकांवर चढू नयेत आणि मध्ये फटही राहू नये. भावकीच्या वाटणीत जमीन मोजतात तसे.

गिऱ्हाईक कंपनी पावाची होती. मोठ्या भट्टीत पाव तयार होतो, रात्री ट्रकांतून पाच-सहा गावांच्या डेपोंत जातो, आणि तिथून लहान गाड्यांनी पहाटे दुकानोदुकानी. न विकलेला पाव कंपनी परत घेते आणि त्याचे पैसे वळते करते. हा परत आलेला माल फार वाढला होता. तो का वाढला, एवढाच प्रश्न. तक्ता मांडल्यावर दिसले, की सर्वांत जास्त पाव परत येतो तो एकाच डेपोतून. तो डेपो सगळ्यांत लांबचा. कंपनीच्या वरच्या लोकांचे मत आधीच ठरलेले होते: तिथली माणसे ढिली आहेत, गाड्या उशिरा सुटतात. आकडे त्यांच्या मताला दुजोरा देत होते असे वरवर दिसत होते.

ही मुलगी दूधवाल्याच्या घरातली. केंद्रावरचे दूध नासले की चेअरमन पहिल्यांदा टेंपोवाल्यावर ओरडतो, आणि दहांपैकी सात वेळा दोष कॅन धुणाऱ्याचा नाहीतर वाट पाहत राहिलेल्या पहिल्या थांब्याचा असतो, हे तिने लहानपणापासून पाहिलेले. तिने प्रमुखबाईंना विचारले, मी एक रात्र त्या डेपोच्या गाडीत बसून जाऊ का? त्या म्हणाल्या, जा. हे मात्र त्या धंद्याच्या बाजूने लिहून ठेवले पाहिजे. परवानगी मागताच मिळाली. उमेदवाराने असले नसते उद्योग करू नयेत, असे कुणी म्हटले नाही.

पहाटे तीन वाजता ती गाडीत चढली. चालक साठीकडे झुकलेला, तीस वर्षे त्याच रस्त्यावर. पहिला तासभर तो काही बोलला नाही. वर तपासणीवाली बाई बसलेली, कोण बोलेल? मग तिने आपल्या वडिलांच्या दुधाच्या गाडीची गोष्ट काढली, म्हशी किती आणि फॅट किती, आणि तो मोकळा झाला. त्याने सांगितले ते असे: जवळच्या डेपोंतली दुकाने उद्याच्या पावाची मागणी आज सकाळी कळवतात. आमचा डेपो लांब, म्हणून आमच्या दुकानांना एक दिवस आधी कळवावे लागते. शनिवारचा पाव गुरुवारी सकाळी सांगायचा. शनिवारी ऊन पडणार की पाऊस, हे गुरुवारी कोण सांगेल? ऊन पडले तर माणसे बाहेर पडतात, पाव खपतो. पाऊस पडला तर पडून राहतो. शिवाय फळी रिकामी दिसली तर दुकानदाराला वरून बोलणी बसतात. माल उरला तर कुणी काही म्हणत नाही, कारण तो कंपनी परत घेते. तो शहाणा माणूस दहा लागतील तिथे तेरा मागवतो.

एवढे ऐकून ती परतली आणि दोन दिवस तक्ता पुन्हा मांडला. मागणी किती आधी नोंदली, त्याप्रमाणे सगळ्या दुकानांच्या चळती लावल्या. लांबच्या डेपोचा ढिलेपणा जवळजवळ सगळाच्या सगळा त्या एका दिवसाच्या अंतरात विरघळला. जवळच्या डेपोंतही जी दुकाने मागणी आधी कळवीत, तिथे हाच प्रकार होता. प्रमुखबाईंनी ते पान पुढे नेले. मागणीची वेळ बदला, आणि परतीच्या मालातला थोडा वाटा दुकानावर टाका, असा सल्ला तयार झाला. तेविशीतल्या पोरीचे कारखानदार का ऐकेल, या तुमच्या प्रश्नाचे माझ्याकडे असलेले उत्तर एवढेच. त्या रात्री ती गाडीत बसली होती आणि कंपनीचा कुणी वरिष्ठ बसला नव्हता. तो चालक तीस वर्षे हेच सांगायला तयार होता, पण विचारणारा कुणी नव्हता. त्याचेच म्हणणे पेढीच्या पानावर चढले तेव्हा ते महाग झाले.

याच ठिकाणी मी थांबलो असतो तर गोष्ट गोड झाली असती. पण तोच तक्ता आणखी एक गोष्ट सांगत होता. डेपोतली माणसे निर्दोष ठरली, तरी डेपो लांबचा तो लांबचाच. तेलाचा खर्च, भाडे, रात्रपाळी हे सारे धरले, तर तो डेपो बंद करून शेजारच्या डेपोतून गाड्या सोडणे कंपनीला स्वस्त पडत होते. हा हिशेब कुणी मुद्दाम मागितला नव्हता. पण एकदा दिसल्यावर तो झाकून ठेवणेही प्रामाणिकपणाचे झाले नसते. चौदाव्या पानावर एक चौकोन आला. त्यात वाचलेले पैसे, आणि शेजारी कमी होणाऱ्या जागांचा आकडा. तो आकडा हिनेच काढलेला. त्यात तो चालकही होता.

तिने प्रमुखबाईंना विचारले, या माणसांचे काय? त्या म्हणाल्या, तो निर्णय कंपनीचा. आपण फक्त आकडे देतो. उत्तर ऐकायला कठोर वाटते, पण त्या बाई कठोर नव्हत्या. दुसऱ्याच वाक्यात त्या म्हणाल्या, दोन वर्षांत कितीजण निवृत्त होणार आहेत आणि शेजारच्या डेपोपर्यंत रोज कितीजण जाऊ शकतील, हे काढून दे, आपण तेही मांडू. हिने रात्री दोन वाजेपर्यंत बसून ते काढले. पान चांगले झाले. भागीदारसाहेबांनी ते पाहिले, बरे आहे म्हणाले, आणि पुरवणीत टाकले. पुरवणी म्हणजे मुख्य पानांच्या मागची पाने, ज्याला हवे त्याने उलटून पाहावीत. ती कुणी उलटली की नाही, ते तिला कळले नाही. सातव्या आठवड्यात कंपनीच्या लोकांपुढे तिला चार मिनिटे बोलायला मिळाले, ते मागणीच्या वेळेवर. आठव्या आठवड्याच्या शेवटी तिची उमेदवारी संपली आणि ती परत आली.

शेतकऱ्याला हे विचित्र वाटेल. पेरणी सांगणारा कापणीला हजर नाही. पण या धंद्याचा घाटच तसा आहे. मघाशी सांगितलेल्या मॅकिन्झीचेच पाहा. शिकागोत मार्शल फील्ड नावाची दुकानांची प्रचंड कंपनी होती. मंदीच्या दिवसांत ती तोट्यात आली. मॅकिन्झीने तिला सल्ला दिला, आणि १९३५ साली कंपनीने त्यालाच म्हटले, आता तुम्हीच येऊन हे करा. तो गेला, सूत्रे हाती घेतली. घाऊक विभाग बंद केला, शेकडो माणसे घरी गेली, आणि सगळा रोष त्याच्यावर आला. दुसऱ्याला सल्ला देण्यापेक्षा स्वतः निर्णय घेणे किती अवघड, हे त्याने आपल्या सहकाऱ्याजवळ बोलून दाखवले, असे सांगतात. १९३७ साली, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, तो न्यूमोनियाने वारला. मला विचाराल तर प्रत्येक उमेदवाराला पहिल्या दिवशी ही हकीकत सांगावी.

आणि दुसरीही सांगावी. अमेरिकेत अफूच्या जातीच्या वेदनाशामक गोळ्यांनी लाखो लोक व्यसनात ओढले गेले. त्या गोळ्यांचा खप कसा वाढवावा, याचा सल्ला याच मॅकिन्झी पेढीने औषध कंपनीला दिला होता. २०२१ साली पेढीने, गैर केले असे कबूल न करता, तिथल्या राज्यांशी सुमारे ५७ कोटी डॉलरची तडजोड केली. डिसेंबर २०२४ मध्ये तिथल्या न्यायखात्याशी आणखी ६५ कोटी डॉलरची झाली. त्या सल्ल्याचीही पाने असणार, तीही नीटनेटकी असणार, उत्तर वर आणि कारणे खाली. आणि त्यासाठीही कुणीतरी हुशार मुलांनी रात्री जागवल्या असतील.

म्हणून मुलांना या वाटेला पाठवूच नये, असे माझे म्हणणे मुळीच नाही. प्रश्न फोडणे, मोजणे, थोडक्यात लिहिणे, अनोळखी माणसाला बोलते करणे, हे जे ती दोन महिन्यांत शिकली ते आम्ही पाच वर्षांत शिकवू शकलो नाही. आणि शहाणपण नेहमी तिकडूनच इकडे येते असेही नाही. मावळ, खेड, जुन्नर भागांतून मुंबईला गेलेल्या आपल्या डबेवाल्यांच्या कामावर हार्वर्डच्या शाळेने २०१० साली एक प्रकरण तयार केले. ते देशोदेशीची मुले वर्गात वाचतात. डबेवाल्यांना कुणी पेढीने सल्ला दिला नव्हता.

तिला उमेदवारीच्या शेवटी पेढीने कायमच्या नोकरीचे पत्र दिले. दुसरे वर्ष संपताच मुंबईच्या कचेरीत रुजू व्हायचे. ती माझ्याकडे विचारायला आली होती. तिने चालकाचे सांगितले, चौदाव्या पानाचे सांगितले, आणि कर्जाचा हप्ता किती बसेल तोही सांगितला. मी तिला विचारले, पुरवणीतले पान पुढे आणण्याइतकी वर चढायला तिथे किती वर्षे लागतात? ती म्हणाली, सर, पाच-सहा तरी. तिने नोकरी पत्करली. तिच्या जागी मी असतो तर मीही पत्करली असती.

वडील मला अधूनमधून केंद्रावर भेटतात. मुलीच्या पगाराचे ते फारसे बोलत नाहीत. कॅन टेंपोत चढवता चढवता विचारतात, “सर, तो डेपो बंद केला का हो त्यांनी? त्या म्हाताऱ्या ड्रायव्हरचं काय झालं?” मी म्हणतो, मुलीलाच विचारा की. ते म्हणतात, “विचारलं. ती म्हणते, अण्णा, ते आम्हाला कळवत नाहीत.”